सहा जीबी, बारा जीबी आणि एक वही



सीमेवरच्या गोष्टी वाचायला इथे येणाऱ्यांनी आजच्यापुरतं माफ करावं. सध्या पोस्टिंग दिल्लीत आहे, आणि दिल्लीत आमचे शत्रू तीन : फाइल, ट्रॅफिक आणि नोव्हेंबरची हवा. मुक्काम मयूर विहार फेज-1 मध्ये, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. कँटोन्मेंटमधल्या क्वार्टरच्या यादीत माझा नंबर लागेपर्यंत पुढची बदली येईल, असं मी पहिल्याच दिवशी बायकोला सांगितलं होतं. तसंच झालं. मार्चमध्ये पुन्हा फील्ड. कुठे, ते विचारू नका.

तर त्याआधी घरातलं एक काम उरकायचं होतं : चिरंजीवांच्या कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड. तो यंदा दहावीत आहे, त्यामुळे ‘आत्ताच कशाला?’ हा प्रश्न घरात विचारून झालेला आहे. तुम्ही परत विचारू नका.

हा कॉम्प्युटर 2019 साली पुण्यात जोडून घेतलेला. रायझन 5 2600 प्रोसेसर, 16 जीबी रॅम आणि जीटीएक्स 1060 हे 6 जीबीचं कार्ड. त्यावर तो खेळतो स्कायरिम. मूळ खेळ 2011 सालचा, म्हणजे जवळजवळ त्याच्याच वयाचा. पण 2016 साली त्याची 64-बिट आवृत्ती आली आणि मॉडवाल्यांना मोकळं रान मिळालं. मॉड म्हणजे चाहत्यांनी स्वतः बनवून खेळात घातलेली भर. कुणी झाडं नवी करतो, कुणी हवामान, कुणी अख्खं गाव वसवतो. चिरंजीवांकडे असे 400 च्या वर मॉड आहेत. मूळ खेळ ओळखू येत नाही.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. कार्डाचा खर्च मी एवढ्या सहज का मान्य केला, ते त्याशिवाय कळणार नाही.

2023 साली मी लडाखमध्ये होतो आणि घरचे पुण्यात, सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये. वार्षिक रजेवर घरी आलो. फोनमधले फोटो आणि व्हिडिओ कॉम्प्युटरवर टाकायला बसलो, तर ड्राइव्ह भरलेला. शोधलं तर एकच फोल्डर 140 जीबी खाऊन बसलेला, नाव ‘मॉड्स’. मला वाटलं, खेळाचा कचरा. कुणाला न विचारता उडवला. कचऱ्याच्या डब्यातही जाऊ दिला नाही, थेट साफ. युनिटमध्ये स्टोअरची पाहणी करताना निकामी सामान बाहेर काढायचा हात असतो ना, तोच हात.

संध्याकाळी तो क्लासवरून आला, खेळ चालू केला, बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मॉड काढले की त्यांच्यावर उभं असलेलं सेव्ह उघडत नाही. दीडेक वर्षाचा खेळ गेला. तो ओरडला नाही, रडलाही नाही. मशीन बंद करून जेवायला आला आणि रजेचे उरलेले दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला.

रात्री बायकोने सांगितलं, “तू गेल्यापासून रोज नऊ वाजता बसायचा. तुझा फोन लागायची वेळ ती. लागला तर बोलायचा, नाही लागला तर एक मॉड लावायचा.”

त्या पोस्टवरून फोन किती वेळा लागायचा, ते मला माहीत होतं.

असो. आता कार्ड.

आम्हाला फौजेत शिकवतात की निर्णयाआधी ॲप्रिसिएशन करा. उद्दिष्ट काय, घटक कोणते, मार्ग किती, त्यातला कुठला आणि का. मी एका रविवारी कागद घेऊन बसलो आणि अर्ध्या तासात निकाल लावला : आरटीएक्स 4060. नवीन पिढी, 115 वॉटमध्ये भागतं, म्हणजे आपला 550 वॉटचा पॉवर सप्लाय बदलायला नको. शिवाय फ्रेम जनरेशनसारख्या नव्या सोयी. कागद त्याच्यापुढे ठेवला.

त्याने वाचला आणि म्हणाला, “बाबा, तू उद्दिष्टच चुकीचं लिहिलंयस.”

मी लिहिलं होतं ‘जास्तीत जास्त फ्रेम’. तो म्हणाला, फ्रेम पुरेशा आहेत, त्रास अडखळण्याचा आहे. त्याने खेळ चालू करून कोपऱ्यात आकडे दाखवणारी पट्टी लावली. जंगलात शिरलो. कार्डाची मेमरी 5.9 जीबीला टेकली आणि दर चार पावलांना चित्र थबकायला लागलं.

मग हिशेब. एका 4के टेक्स्चरमध्ये 4096 गुणिले 4096, म्हणजे 1 कोटी 68 लाखांच्या आसपास बिंदू. दाबून साठवलं तरी बिंदूला एक बाइट, म्हणजे 16 एमबी. लांबून दिसण्यासाठी त्याच्या लहान-लहान प्रती धरल्या की 21. झाडाची साल, तिचा खडबडीतपणा, शेवाळ, दगड, गवत, माणसाचा अंगरखा, प्रत्येकाला एक किंवा दोन-तीन. अशी 200 टेक्स्चर एकदम समोर आली की चार जीबी संपले. सावल्या, प्रकाश वगैरे वेगळं.

“आणि मेमरी भरली की?”

“मग उरलेलं रॅममध्ये जातं आणि लागेल तेव्हा तिथून आणावं लागतं. म्हणजे सकाळी नऊ वाजता निजामुद्दीन पुलावरून.”

मयूर विहारमधल्या माणसाला यापुढे समजावायची गरज नाही. यमुनेच्या अलीकडे घर आणि पलीकडे ऑफिस असलं की पुलाची रुंदी हाच आयुष्याचा वेग. आकड्यांत सांगायचं तर 12 जीबीच्या आरटीएक्स 3060 चा स्वतःच्या मेमरीशी व्यवहार सेकंदाला 360 जीबीने चालतो. आमच्या जुन्या मदरबोर्डाच्या पूर्ण 16 लेनच्या स्लॉटमधून जेमतेम 16 जीबी जातात. आणि माझं लाडकं 4060 त्यातल्या आठच लेन वापरतं, म्हणजे पूल निम्मा. शिवाय त्याची मेमरी 8 जीबी. फ्रेम जनरेशनलाही मेमरी लागतेच.

मी गप्प बसलो. जोझिला बंद होण्याआधी हिवाळ्याचा साठा वर चढवणं हे काम मी स्वतः केलेलं आहे. डिसेंबरमध्ये गाडी कितीही नवी असली तरी उपयोग नसतो, ऑक्टोबरमध्ये वर काय ठेवलं तेच कामाला येतं. हे मला कळायला हवं होतं.

मग त्याने दुसरी गोष्ट दाखवली. खेळातल्या व्हाइटरन नावाच्या गावात शिरलो, फ्रेम पडल्या. पण कार्डावरचा भार साठ टक्क्यांच्या आत. “इथे प्रोसेसर कमी पडतोय. एवढ्या वस्तू काढायच्या हुकमांचा बोजा बहुतेक एकाच धाग्यावर येतो. नवीन कार्ड घेतलं तरी इथे काही फरक पडणार नाही, आधीच सांगतोय.”

आधीच सांगतोय! माझ्या बऱ्याच ज्युनियर ऑफिसरांना मी हे वाक्य शिकवू शकलेलो नाही.

शनिवारी दोघं नेहरू प्लेसला गेलो. मयूर विहार-1 वरून पिंक लाइन, लाजपत नगरला बदलून व्हायलेट. नेहरू प्लेस ज्यांनी पाहिलं नाही त्यांना पुण्यातली सगळी कॉम्प्युटरची दुकानं एकाच चौकात आणून ओतली आहेत अशी कल्पना करावी लागेल. पहिल्या दुकानात मालक माझ्याशीच बोलत होता. “सर जी, नया जनरेशन लीजिए, बारह जीबी का क्या अचार डालेंगे?” मी चिरंजीवांकडे बोट केलं आणि म्हटलं, “इनसे बात कीजिए.” पाच मिनिटांत मालकाने त्याच्यासाठी स्टूल मागवलं.

रेडिऑन आरएक्स 7600 एक्सटीही पाहिलं. 16 जीबी, मोह पडण्यासारखं. पण 190 वॉट, कंपनीची शिफारस 600 वॉटच्या सप्लायची, आणि तेही आठच लेनचं. सप्लाय बदलायचा म्हणजे बजेट मोडायचं. एका काउंटरवर वापरलेलं मोठं कार्ड अर्ध्या किमतीत होतं. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डं बाजारात उतरली. त्यातलंच हे असेल किंवा नसेलही. पण वॉरंटी नव्हती. मार्चनंतर बिघडलं तर दुकानाच्या चकरा मारायला मी घरी नसणार. ते आम्ही दोघांनी एकदमच नाकारलं. कारण मात्र कुणी बोलून दाखवलं नाही.

शेवटी घेतलं 2021 सालचं, एक पिढी जुनं, 12 जीबीचं 3060. सोळा लेन, 170 वॉट, सीलबंद खोका, पक्कं बिल.

घरी येऊन लावलं. जंगलात मेमरी नऊ जीबीच्या पुढे गेली आणि चित्र कुठेही थबकलं नाही. व्हाइटरनमध्ये फ्रेम होत्या तेवढ्याच राहिल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “हो, सांगितलं होतंस.”

कुणी असा खर्च करणार असेल तर एवढंच सांगतो : आधी मोजा. मेमरी भरतेय का, कार्ड रिकामं बसतंय का, स्लॉट कुठल्या पिढीचा आहे, सप्लाय किती वॉटचा. आणि त्याआधी टेक्स्चर 4के ऐवजी 2के करून बघा. मेमरी चौथाई लागते, कधी कधी तेवढ्यानेच काम होतं.

नोंद करायला त्याने ड्रॉवरमधून शंभर पानी वही काढली. ही वही मी पहिल्यांदाच पाहत होतो. प्रत्येक मॉडचं नाव, तारीख, कुठल्यानंतर लावायचा, कुणाचं कुणाशी पटत नाही. मधल्या एका पानावर 2023 च्या माझ्या रजेतली तारीख होती आणि खाली दोनच शब्द : ‘सगळं पुन्हा.’ पुढच्या पानापासून 1 नंबरने सुरुवात.

मी म्हटलं, “त्या वेळी मी तुला सॉरी म्हटलंच नाही.”

“नाही म्हटलंस.”

“सॉरी.”

“ठीक आहे रे. दुसऱ्यांदा लावताना चुका कमी झाल्या.” थोडं थांबून म्हणाला, “परीक्षेनंतर आम्ही पुण्याला जाताना ट्रकमध्ये चढवायच्या आधी कार्ड काढून वेगळं पॅक करायचं हं. धक्क्याने स्लॉट तुटतो. तू नसशील, मी करीन. नुसतं सांगून ठेवतोय.”

मग त्याने नव्या पानावर तारीख घातली, कार्डाचं नाव लिहिलं आणि खाली एक ओळ : ‘बाबाने काहीही डिलीट करण्याआधी विचारणे.’ वही माझ्यापुढे सरकवली. स्टँडिंग ऑर्डरवर करतात तशी मी खाली सही केली, ‘वाचले, समजले’, हुद्द्यासकट.

आता रात्री नऊ ते साडेनऊ मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो. फक्त अर्धा तास, कारण दहावी. मार्चपर्यंत एवढं जमेल.

जय हिंद.