आधी खुर्ची, मग दुर्बीण

पिंपरी-चिंचवड ही उभ्याने काम केलेल्या माणसांची नगरी आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी-चिंचवडच्या माळांवर कारखान्यांची रांग लागली. १९७० मध्ये येथे नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. या साऱ्या काळात लेथवर, प्रेसवर, असेंब्ली लाइनवर आठ-आठ तास उभे राहून ज्यांनी हे शहर घडविले, ती पिढी आता निवृत्त झाली आहे. तिचे गुडघे आणि मान त्या वर्षांचा हिशेब रोज मांडत असतात, हे मी माझ्या दवाखान्यात पाहतो.

वाचकहो, याच पिढीला आता रात्र मोकळी मिळू लागली आहे. तिसऱ्या पाळीचा भोंगा नाही, पहाटेची बस गाठायची नाही. निगडी-प्राधिकरणातील घरांवर गच्ची आहे, नव्या सोसायट्यांना सामाईक टेरेस आहे, आणि मुला-नातवंडांनी हौसेने आणलेली एखादी दुर्बीणही पुष्कळ घरांत असते. तरीही ती दुर्बीण बहुधा कपाटावर धूळ खात पडलेली दिसते. कारण विचारले, तर उत्तर मिळते, ‘आता नजर राहिली नाही.’ थोडे खोलात शिरले की कळते, नजर अजून शाबूत आहे. दहा मिनिटे वर पाहिले की मान धरते आणि पंधरा मिनिटे उभे राहिले की पाय भरून येतात. आकाशदर्शनाच्या आड येते ते बसण्याचे साधन. म्हणून दुर्बिणीवर पैसे घालण्यापूर्वी खुर्चीचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगतो.

वर पाहताना शरीरात काय घडते

साठीनंतर मानेच्या मणक्यांची झीज बहुतेकांत असते. मान मागे झुकविली की मणक्यांमधून बाहेर पडणाऱ्या नसांच्या वाटा अरुंद होतात. त्यामुळे खांदा दुखतो, हाताला मुंग्या येतात. कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या भागातले सूक्ष्म कण जागचे हललेले असतील, तर वर पाहताच गरगरते. त्यात रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांची भर पडते. त्या घेणारी व्यक्ती बराच वेळ रेलून बसल्यावर झटकन उठली, की रक्तदाब क्षणभर खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. दिवसा माणूस भिंत धरतो. रात्री गच्चीवर धरायला काही नसते. उतारवयात खुब्याचे हाड मोडण्याची सुरुवात पुष्कळदा अशाच एका पडण्यातून होते.

खुर्ची नीट निवडली तर यांतील बहुतेक धोके टळतात. डोके टेकलेले, पाय जमिनीवर, कोपर आधारावर आणि उठताना हाताला घट्ट धरण्याजोगे काही, एवढेच तिच्याकडून हवे असते.

ही गरज वृद्धांचीच आहे असेही नाही. १८८८ साली कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत ३६ इंची दुर्बीण सुरू झाली. निरीक्षकाला डोळा योग्य उंचीवर नेता यावा, म्हणून तेथे घुमटाखालची सगळी जमीनच पाण्याच्या दाबाने सुमारे पाच मीटर वर-खाली होईल अशी केली होती. ही कल्पना डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांची. त्याच साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांची महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तेथील २० इंची दुर्बीणही ग्रब यांचीच. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाल्यावर ती कोडाईकनालला गेली. जाणत्यांनी माणसासाठी जमीन हलविली, तेथे आपण आपल्या आई-वडिलांसाठी एक खुर्ची करून घेण्यात संकोच कसला?

आपल्या गावचे आकाश किती उंच

खुर्ची ठरविण्याआधी नजर किती अंश वर जाणार, हे पाहावे. आपले शहर सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जेमतेम तेवढाच वर दिसतो. योगायोगाने दक्षिणेचा अगस्तीही आपल्याकडे सर्वांत वर आला, तरी साधारण एकोणीस अंशांवरच असतो. हे दोन्ही तारे साध्या ताठ खुर्चीवरून, मानेला काही त्रास न होता पाहता येतात.

कृत्तिकांची गोष्ट वेगळी. मध्यान्ही आल्यावर त्या जवळजवळ डोक्यावर, चौऱ्याऐंशी अंशांपर्यंत चढतात. मात्र डिसेंबरच्या मध्यास रात्री आठच्या सुमारास त्या पूर्वेकडे पन्नासएक अंशांवर असतात. याचा अर्थ असा, की योग्य वेळ निवडली तर अर्धे ओझे खुर्चीवर पडतच नाही. डोक्यावरचा तारा पाहण्याचा हट्ट करू नये. तो एकतर कलण्याआधी पाहावा किंवा कलल्यावर. शहराच्या झगमगाटातही चंद्र, गुरूचे चार उपग्रह, शनी, कृत्तिका आणि मृगातला तेजोमेघ पाहता येतो. प्रारंभाला एवढे पुरेसे आहे.

घरातील आरामखुर्ची

नुसत्या डोळ्यांनी किंवा द्विनेत्रीने पाहणार असाल, तर बाजारात जाण्यापूर्वी माळ्यावर पाहा. लांब हातांची, कापडी झोळीची, मागे खाचा असलेली जुनी लाकडी आरामखुर्ची या कामासाठी उत्तम आहे. खाच बदलली की पाठ कमी-अधिक कलते, डोके टेकते, आणि लाकडी हातांवर कोपरे टेकविल्यामुळे द्विनेत्री थरथरत नाही. तिच्यात दोष एकच, झोळी खोल असते. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला तीतून उठता येत नाही. झोळीचे कापड थोडे आखूड करून ताणून घ्यावे आणि पायांखाली दहा सेंटिमीटर उंचीचे, खाचेत घट्ट बसणारे लाकडी ठोकळे द्यावेत. पाठीमागे कलणाऱ्या घडीच्या नव्या खुर्च्यांनाही हेच लागू आहे: दुकानात नुसते रेलून पाहू नये, कोणाचाही हात न धरता तीनदा उठून पाहावे.

जाता जाता द्विनेत्रीविषयी एक गोष्ट. तरुणाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत विस्फारते. वृद्धांची साधारण पाचपर्यंतच. त्यामुळे ७ × ५० ची जड द्विनेत्री त्यांच्या डोळ्याला पुरी वापरताच येत नाही. ८ × ४० ची हलकी द्विनेत्री तेवढाच प्रकाश डोळ्यात सोडते आणि हातही दुखत नाहीत.

दुर्बिणीची खुर्ची

दुर्बिणीचे गणित निराळे आहे. तेथे पाठ कलण्यापेक्षा बैठकीची उंची बदलणे महत्त्वाचे. मीटर-सव्वा मीटर लांबीच्या आरशाच्या दुर्बिणीत डोळा लावायची काच, म्हणजे आयपीस, नळीच्या वरच्या टोकाशी असते. अगस्तीकडून कृत्तिकांकडे वळताना ती सुमारे अर्धा मीटर वर जाते. बैठक जागची हलली नाही, तर तेवढे अंतर पाहणाऱ्याची पाठ आणि मान भरून काढतात.

उंची बदलणारी आसने अनेक प्रकारची मिळतात. ऑफिसची गॅसवर चढणारी खुर्ची सोपी वाटते. पण तिची चढ-उतार थोडी, आणि गच्चीच्या उतारावर तिची चाके म्हणजे संकटाला आमंत्रण. कारखान्यातले स्क्रूचे स्टूल भक्कम असते. परंतु ते फिरवायला दोन्ही हात आणि वाकणे लागते, शिवाय पाठ टेकायला जागा नसते. काही खुर्च्यांत बैठक दांड्यावर सरकते आणि बसणाऱ्याच्या भारानेच अडकून राहते. दव पडल्यावर ती निसटू शकते. वृद्धांसाठी मला सर्वांत विश्वासाचा वाटतो तो पायऱ्यांचा प्रकार. घडीच्या शिडीसारखा तिरका सांगाडा असतो, पुढच्या बाजूला आडव्या पट्ट्या, आणि बैठक एका पट्टीवरून उचलून दुसरीवर अडकवायची. ती बसली की ‘खट्’ आवाज येतो. अंधारात तो आवाज हाच भरवसा.

भोसरीच्या गल्लीत

अशी खुर्ची परदेशातून मागविण्याची गरज नाही. भोसरी एमआयडीसीतल्या किंवा चिंचवडच्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ती तयार होऊ शकते. फक्त गुरुवार टाळा, त्या दिवशी बहुतेक शटर सुट्टीची असतात. सोबत बाबांना किंवा आईंना अवश्य न्या. आयुष्यभर मिलिमीटरमध्ये काम केलेल्या माणसाला स्वतःच्या शरीराचे माप देताना पाहणे ही एक आनंदाची गोष्ट असते. आणि वेल्डरशी ते ज्या भाषेत बोलतील, ती आपल्याला येत नाही.

मापे अशी घ्यावीत. नेहमीची चप्पल घालून बसवावे आणि गुडघ्यामागच्या खळग्यापासून जमिनीपर्यंत मोजावे. ही झाली मूळ उंची, साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर. तीहून दोन-तीन सेंटिमीटर वर एक पट्टी हवीच, कारण उठायला ती सोपी. बाकीच्या पट्ट्या पाच-पाच सेंटिमीटरच्या अंतराने. सर्वांत वरची पट्टी ६५ सेंटिमीटरच्या वर नको. त्याहून उंच बसावे लागत असेल, तर दुर्बीण खाली आणावी किंवा तारा कलण्याची वाट पाहावी. पाय जमिनीवर टेकेनासे झाले की पाय ठेवायला आडवी पट्टी हवी. नाहीतर मांडीखाली दाब येऊन पाय बधिर होतात, आणि मधुमेह्यांना ते वेळेवर कळत नाही. बैठकीची पुढची कड गोलाकार ठेवावी. थंडीत लोखंड गार पडते, म्हणून वर फोमची घट्ट गादी शिवून घ्यावी.

पंचवीस मिलिमीटरचा, सोळा गेजचा चौकोनी पाइप पुरेसा होतो. सहा मीटर पाइपाचे वजन सात किलोच्या आसपास भरते. घरातील दुसऱ्या कोणी तरी ते उचलावे. पायांना रुंद रबरी बुश, पाय फाकू नयेत म्हणून मध्ये साखळी, आणि बाजूला कमरेच्या उंचीची एक धरायची दांडी या तीन गोष्टींवर काटकसर करू नये. कोणतीही बैठक चारही पायांच्या चौकटीबाहेर जाता कामा नये. खुर्ची तयार झाली की माणूस बसविण्याआधी वरच्या पट्टीवर सिमेंटची दोन पोती, म्हणजे १०० किलो, ठेवून हलवून पाहावी. पायांच्या टोकांना पांढरी पट्टी चिकटविली की अंधारात ठेच लागत नाही.

खर्च करण्यापूर्वी बसून पाहायचे असेल, तर चिंचवडच्या सायन्स पार्कशेजारी महापालिकेचे तारांगण आहे. तारांगणातली आसने बहुधा मागे कलती असतात; आपल्या मानेला कितपत कल सोसतो, हे तेथे कळते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांसाठी काम करीत आहे. तिच्या आकाशदर्शनाला गेल्यास वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लावून पाहता येतो, आणि आयपीस किती उंच येतो हे टेपने मोजूनही घेता येते.

सोबत असणाऱ्यांसाठी

गच्चीवर पाण्याचे पाइप आणि डिशच्या तारा कोठून जातात, हे उजेडातच पाहून ठेवा. खुर्ची कठड्यापासून दोन मीटर आत मांडा. बैठकीची उंची बदलताना पाहणाऱ्याने आधी उतरून उभे राहावे. बसल्या बसल्या बदल करू नये. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, वृद्धांना आणखी थोडी. तोवर लाल कागद लावलेला टॉर्च वापरा, पण जिन्यावर पुरता उजेड असू द्या. दर वीस मिनिटांनी मान सरळ करून थोडी विश्रांती. उठण्यापूर्वी दोन मिनिटे ताठ बसणे, घोट्यापासून पाय हलविणे, मग दांडी धरून उभे राहणे, हा क्रम मोडू नये. वर पाहताना भोवळ वारंवार येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. भोवळीबरोबर बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसू लागले किंवा हात-पाय लुळा पडला, तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.

महिनाभर गच्चीवर सराव झाला की एखाद्या अमावास्येला खुर्ची गाडीच्या डिकीत टाका. नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, चाकण मागे टाकीत राजगुरुनगरच्या पुढे गेलात, की कारखान्यांचा उजेड पाठीमागे राहतो आणि तारे दाटू लागतात. याच रस्त्याने पुढे नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. त्याच पट्ट्यात गिरवलीला आयुकाची दोन मीटरची दुर्बीण. तेथे मान वळवायची ती यंत्राने; माणूस खोलीत पडद्यासमोर नीट बसून काम करतो. घरी एवढे यंत्र नसले तरी तत्त्व तेच ठेवावे. जे वळायचे ते दुर्बिणीने आणि खुर्चीने वळावे, आपल्या आई-वडिलांच्या मानेने नव्हे. येत्या थंडीत पहिला खर्च पाइपाचा करा. दुर्बीण पुढच्या वर्षी आली तरी चालेल.