रेवेची कॅसेट

‘इंडियन ओशन’ बँडचे अशीम चक्रवर्ती 25 डिसेंबर 2009 रोजी गेले. मला ते कळलं जुन्या रूम पार्टनरच्या फोनवरून. तो कोट्टयमला, मी नाशिकला. अशीमदांना आम्ही दोघंही कधी भेटलो नव्हतो. तरी घरातलं माणूस गेल्यासारखं झालं, दोघांनाही बोलणं सुचेना.

2001 साली पुण्याच्या हॉस्टेलवर या रूम पार्टनरने ‘कांदिसा’ आणली. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ची, आदल्या वर्षी निघालेली कॅसेट. त्याने ती एका गाण्यासाठी घेतली होती. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांचं अरामी भाषेतलं जुनं स्तोत्र बँडच्या चौघांनी गायलं होतं. शब्दांचा अर्थ त्यालाही पुरता लागत नसे, पण लहानपणी आजीशेजारी उभं राहून त्याने ते ऐकलं होतं. गाणं लागलं की तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मी काही विचारत नसे.

मग त्याच कॅसेटवर ‘मा रेवा’ निघालं, आणि भिंतीकडे तोंड फिरवायची पाळी माझ्यावर आली.

रेवा म्हणजे नर्मदा. माझे वडील, आप्पा, अक्कलकुव्याच्या बाजूला नर्मदेकाठच्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. हा नंदुरबारचा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राची 33 गावं. मणिबेलीत 1993च्या पावसाळ्यात पाणी शिरलं, पुढे आप्पांची शाळाही गेली. बदली होऊन ते सपाटीवर आले आणि नदीबद्दल बोलायचेच थांबले. घरात आम्हीही तो विषय काढत नसू.

‘मा रेवा’ हे गाणं बँडमध्ये आणलं राहुल राम यांनी. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला हा माणूस परतून नर्मदा बचाव आंदोलनात गेला, आणि खोऱ्यातली गाणी घेऊन आला. बँडच्या संगीताला लोक ‘फ्यूजन’ म्हणतात. मला तो शब्द तोकडा वाटतो. सुस्मित सेन यांची गिटार, राहुल राम यांचा बास, अमित किलम यांचे ड्रम्स, अशीमदांचा तबला: यातलं काहीही त्या काठावर वाजत नव्हतं. तरी गाण्यात वाहत होती ती आमचीच नदी. शब्द येईपर्यंत ते वाट पाहू देतात, घाई करत नाहीत. काठावर बसलेल्या माणसालाही घाई नसते.

दिवाळीच्या सुट्टीत मी कॅसेट मागून घरी नेली. आप्पा ओट्यावर बसले होते. काही न सांगता टेप लावला. ते पहिल्यांदा हलले नाहीत. मग विचारलं, “ह्या लोके कोणता गावना शेतस रे?”

“दिल्लीचे.”

“दिल्लीना?” ते बराच वेळ टेपकडे बघत राहिले. “परत लाव. पहिलेपाईन.”

दुसऱ्यांदा लावलं. गिटार चालू असतानाच ते हळू आवाजात नावं घ्यायला लागले. मला आधी वाटलं, देवाची. मग दोन-तीन आडनावं ओळखीची निघाली. शाळेची हजेरी होती ती, नंबरवार. मध्येच थांबून एखाद्याचं घर कुठल्या अंगाला होतं ते हाताने दाखवायचे, कोण पोहण्यात पटाईत, कुणाची बहीण त्याला सोडायला यायची, ते सांगायचे. आठ वर्षांत मी यातलं काहीच ऐकलं नव्हतं.

बाजू संपून टेपचं बटण खटकन वर आलं. आप्पा तेव्हा सतराव्या नंबरावर होते. मी पुन्हा टेप लावला नाही. पट अजून बराच शिल्लक होता.