कळकलेली कढी

आमच्या गावच्या देवळाचा वर्धापनदिन वैशाखात येतो. अंत्रुज महालातील वैशाख तो. पंगतीला सोलकढी नसेल तर पक्वान्नांनाही कोणी विचारीत नाही. सन १९८६ साली उत्सवाचा हिशेब आमच्याकडे होता. आठ दिवस आधी आचाऱ्याने पितळेचे मोठे तपेले आमच्यापुढे कलते करून म्हटले, "बाब, ह्या आयदनाक कल्हय जाय." आम्ही आत डोकावलो. तळाशी पिवळे पितळ उघडे पडले होते. परंतु मंडपाचा खर्च वाढलेला. "पुढच्या खेपेस पाहू," म्हणून आम्ही तो विषय मिटविला.

कढी सकाळीच काढून त्या तपेल्यात ठेवली गेली. पहिली पंगत मुलांची. पाने उठण्यापूर्वीच एकदोघे तोंड वेडेवाकडे करू लागले, आणि थोड्याच वेळात मंडपामागे ओकाऱ्यांचा एकच कल्लोळ उडाला. त्यांत आमचा सहा वर्षांचा धाकटाही होता. कोणी म्हणाले, सोवळे मोडले. कोणी देवाला कौल लावण्याची भाषा करू लागले. कारण ठाऊक असलेला माणूस तिथे एकच होता, आणि तो मान खाली घालून उभा होता.

ताक पितळेत कळकते, हे आमच्या आजीला ठाऊक होते. का कळकते, ते डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितले. पितळेत तांबेच अधिक. आमसुलाचे आम्ल त्याला खाते, आणि तो क्षार पोटात गेला की पोट तत्काळ बंड करून उठते. संध्याकाळपर्यंत मुले पुन्हा खेळू लागली. गावही विसरले.

खरी चूक आम्ही त्यानंतर केली. पश्चात्तापाच्या भरात देवळातील सगळ्या भांड्यांना कल्हई लावविली; मात्र दर विचारून, सर्वांत स्वस्त सांगणाऱ्याकडून. नवसागराचा धूर उठला, कापसाचा बोळा फिरला, भांडी रुप्यासारखी झळकली. आम्ही संतुष्ट! वर्षाने एक वृद्ध कासार देवदर्शनास आला होता. त्या मनुष्याकडून राहिलेली कथलाची कांब आम्ही त्याला कौतुकाने दाखविली. त्याने ती कानाशी धरून वाकविली. शुद्ध कथील वाकताना करकरते. ही मुकी राहिली. मग त्याने ती कागदावर ओढली, तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली. कथलात शिसे होते, आणि पुष्कळ होते. शिसे स्वस्त, त्यामुळे हा लोभ जुनाच आहे.

तांबे निदान ओकारी करवून आपण आल्याची वर्दी देते. शिसे काहीच बोलत नाही. ते हाडांत जाऊन दशकानुदशके बसते. मुलांची शरीरे ते मोठ्यांच्या चौपट-पाचपट शोषून घेतात, आणि त्याचा घाव मेंदूवर पडतो. अमुक इतके शिसे निर्धोक, असे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेलाही ठरविता आलेले नाही. भांडी खरडून पुन्हा शुद्ध कथलाने मढविली खरी. पण त्या वर्षातल्या पंगती कोण खरडणार? धाकटा गणितात मागे पडला की आमच्या मनात ते तपेले येई. त्याच्या आईला आम्ही हे पुष्कळ वर्षे सांगितले नाही.

आता देवळात बहुतेक भांडी स्टीलची आहेत. तरी पितळ-तांब्याची हौस घरोघर पुन्हा आली आहे, आणि तांब्याच्या तांब्यात लिंबाचे सरबत करून ठेवणारी सुशिक्षित माणसे आम्ही पाहतो. साध्या पाण्याची गोष्ट निराळी. आंबटाचे आणि उघड्या तांब्याचे जमत नाही.

वर्धापनदिनाच्या आदल्या रात्री आम्ही अजून रांधणीत जातो आणि उरलेल्या चार पितळी भांड्यांत विजेरीचा उजेड पाडून पाहतो. जुन्या आचाऱ्याचा मुलगा आता तिथे रांधतो. तो हसतो. धाकटा सुट्टीवर आलेला असला, तर विजेरी तोच धरतो.