मरीन लाइन्स ते अंधेरी : गाण्याची स्लो लोकल

स्वत:ची गाणी, स्वत:चा बॅण्ड आणि त्यावरच घर चालवायचं... मुंबईत हे स्वप्न बघणाऱ्यांची कधीच कमी नव्हती. या स्वप्नाचा नकाशा बघायचाय? मग एक रविवार मोकळा ठेवा आणि वेस्टर्न लाइनची स्लो लोकल पकडा!

पाठीवर गिटारची काळी बॅग लटकवून गर्दीच्या डब्यात घुसणारा तो मुलगा तुम्ही पाहिलाच असेल. ‘ओ भाऊ, बॅग खाली घ्या’ हे त्याला रोज ऐकावं लागतं. बऱ्याचदा तो तुमच्या-आमच्यातलाच असतो. सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट, शनिवारी रात्री स्टेज. आणि नातेवाईकांच्या लग्नात हमखास विचारला जाणारा प्रश्न, ‘गाणं वगैरे ठीक आहे रे, पण काम काय करतोस?’

हिंदी सिनेमाच्या बाहेर, स्वत:च्या हिमतीवर गाणी करणाऱ्यांना आपण ‘इंडी’ म्हणतो. शब्द कूल आहे, पण त्यामागचं गणित जाम किचकट. गंमत म्हणजे हे सगळं गणित या शहरात स्टेशनवार वाटलेलं आहे. कुठे गिटार मिळते, कुठे केबल, कुठे स्टेज आणि कुठे (मिळालाच तर) चेक. चला तर मग, चर्चगेटनंतरच्या पहिल्याच स्टेशनवर उतरू या.

मरीन लाइन्स : जिथे नावं हरवली

स्टेशनातून बाहेर पडून मेट्रो सिनेमाच्या दिशेने चालत सुटलात की धोबीतलाव येतं. समोर जेर महल नावाची जुनी इमारत. तिच्या पोटात १९०४ सालचं कयानी आहे. आधी ब्रुन मस्का आणि चहा उरकून घ्या, रिकाम्या पोटी संगीताचा इतिहास पचत नाही. याच परिसरात १८६५ पासून वाद्यं आणि नोटेशनची पुस्तकं विकणारं फुर्ताडोज आहे. मुंबईतल्या किती पोरांनी पहिल्या पगारातली गिटार इथून घेतली असेल, कोण जाणे! काचेतून बघत उभी राहणारी गर्दी आजही दिसते.

पण धोबीतलावची खरी गोष्ट वरच्या मजल्यांवर आहे. इथे गोव्यातल्या गावागावांचे ‘कूड’ आहेत. म्हणजे त्या-त्या गावच्या माणसाला मुंबईत स्वस्तात पथारी टाकायला मिळावी म्हणून केलेली क्लबवजा सोय. चर्चच्या शाळेत व्हायोलिन आणि ट्रम्पेट शिकलेले, नोटेशन घडाघडा वाचणारे गोवेकर वादक मुंबईत आले आणि हिंदी सिनेमाचा ऑर्केस्ट्रा त्यांच्या खांद्यावर उभा राहिला. आपण ज्या गाण्यांवर आजही फिदा आहोत, त्यातले कितीतरी तुकडे त्यांचे. पण पैसे मिळायचे ते त्या दिवसाच्या वाजवण्याचे. रेकॉर्डच्या कव्हरवर नाव नाही आणि पुढे गाणं कितीही वाजलं तरी रॉयल्टी नाही.

अँथनी गोन्साल्विस हे त्यातलं मोठं नाव. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये शिष्याने गुरूचं नाव गाण्यात गुंफलं आणि ते घराघरांत पोचलं. पण हे नाव खऱ्या माणसाचं आहे, हे त्यावर नाचणाऱ्या किती जणांना ठाऊक होतं? ‘वाजवलं कोणी’ आणि ‘मालक कोण’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हा या प्रवासातला पहिला धडा. तो खिशात ठेवा, अंधेरीला लागणार आहे.

तिथून दोन मिनिटांवर, सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागच्या बाजूला रंगभवन. उघड्या आभाळाखालचं हे थिएटर. १९७८मध्ये इथे ‘जॅझ यात्रा’ भरली आणि सनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनचा बादशहा वाजवून गेला. १९८६पासून इथे ‘इण्डिपेण्डन्स रॉक’ म्हणजे आपलं ‘आय-रॉक’ सुरू झालं. काळे टी-शर्ट, लांब केस आणि घामाघूम कॉलेजची पोरं! पण २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी हॉस्पिटल, कॉलेज आणि कोर्टाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. रंगभवनच्या आजूबाजूला यातलं काय नाही? काही वर्षांतच इथला रॉक थांबला. आय-रॉक पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानापर्यंत गेलं, पण शहराच्या मधोमध, स्वस्त तिकिटात, कॉलेजातून चालत जाता येईल असं स्टेज गेलं ते गेलंच.

ग्रॅण्ट रोड : बेडरूममधला स्टुडिओ

दोन स्टेशनं पुढे या आणि पूर्वेला उतरा. लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. केबल, कनेक्टर, स्पीकर, हार्डडिस्क... इलेक्ट्रॉनिक्सची अख्खी जत्रा. पूर्वी एक गाणं रेकॉर्ड करायचं तर स्टुडिओ तासावर घ्यावा लागायचा आणि घड्याळाकडे बघत गायला लागायचं. आता लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, एक बरा माइक आणि हेडफोन एवढ्यावर गाणं उभं राहतं. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर मॅकवर गॅरेजबॅण्ड फुकट आहे, ऑडॅसिटी कुठल्याही कॉम्प्युटरवर फुकट आहे.

आवाज घुमू नये म्हणून गाद्या भिंतीला लावायच्या, शेजाऱ्यांचा मिक्सर बंद होईपर्यंत थांबायचं आणि मग टेक घ्यायचा. हसू नका, हिट गाणी अशीच झालीत! कुर्ल्याच्या नेझीने २०१४मध्ये ‘आफत’ हे रॅप आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओही त्यावरच केला. (कुर्ला आपल्या लाइनवर नाही, त्यासाठी दादरला गाडी बदला.) थोडक्यात, गाणं बनवायचा खर्च एका बऱ्या मोबाइलच्या आसपास आलाय. गाणं बनवणं सोपं झालं, म्हणून गाणी भरमसाट झाली. ऐकणाऱ्याचे दिवसातले तास मात्र तेवढेच राहिले.

महालक्ष्मी ते लोअर परळ : मोठं स्टेज, छोटं स्टेज

महालक्ष्मीला खिडकीतून रेसकोर्स दिसतं. जानेवारी २०२३मध्ये इथे ‘लोलापलूझा’ आशियात पहिल्यांदा भरला. परदेशी बॅण्डच्या जोडीने प्रतीक कुहाड, ब्लडीवुड, डिवाइन हे आपले लोकही त्याच पोस्टरवर होते. हे झालं शिखर. पण शिखरावर पोचायला आधी पायऱ्या लागतात आणि पायरी म्हणजे दोनशे माणसांची, बरा साऊण्ड असलेली खोली.

ती खोली कशी असावी, हे मुंबईला कळलं पुढच्याच स्टेशनवर. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाऊण्डमध्ये २००७च्या डिसेंबरात ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झालं. ज्या आवारात कधी कापडाची गोदामं होती, तिथे गोल गोल सोफे, मधोमध स्टेज आणि कान तृप्त करणारा साऊण्ड. सुरू करणाऱ्यांमध्ये ध्रुव घाणेकर आणि आशुतोष फाटक हे संगीतकार होते. जाहिरातींची जिंगल करत मोठे झालेले. म्हणूनच बहुधा इथे स्टेजसोबत रेकॉर्डिंग स्टुडिओही होता. कव्हर गाणी नकोत, तुमची स्वत:ची वाजवा, असं म्हणणारी जागा मिळाली आणि शहरातल्या बॅण्डना एकदम ताठ उभं राहता आलं.

ऑगस्ट २०१६मध्ये ब्लू फ्रॉग बंद झालं. लोअर परळमध्ये संगीत संपलं असं नाही, गिग होत असतात. पण इथल्या भाड्याचा हिशेब सोपा आहे. तिकिटावर जागा चालत नाही, ती चालते खाण्या-पिण्याच्या बिलावर. त्यामुळे स्टेजवर कोण असावं, हे बरेचदा टेबलावरची ऑर्डर ठरवते. नवं, कुणी न ऐकलेलं गाणं सुरू झालं आणि लोक बिल मागवायला लागले, की मॅनेजरच्या कपाळावर आठी पडते. पुढच्या वेळी तुम्ही गिगला जाल तेव्हा निदान हेडलाइनर यायच्या आधीच्या बॅण्डसाठी लवकर पोचा. बास, तेवढंही खूप असतं.

दादर : इथे गाडी बदलते

दादरला उतरणारे निम्मे लोक कुठून तरी आलेले आणि कुठे तरी जाणारे. मराठी इंडीचंही सध्या तेच चाललंय. २०२४मध्ये जळगावकडच्या संजू राठोडच्या ‘गुलाबी साडी’ने लग्नाच्या वरातीपासून विमानतळावरच्या रीलपर्यंत सगळीकडे धुमाकूळ घातला. सिनेमा नाही, हिरो नाही, फक्त गाणं! त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ नेदरलॅण्ड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं आणि मराठी शब्दांवर परदेशी क्लब नाचले. इंडी म्हणजे इंग्रजी गाणारी साऊथ बॉम्बेची पोरं, हा समज इथे साफ पुसला गेला. मुंबईत राहायलाच हवं, हाही फंडा डळमळीत झालाय. पण प्रत्येकाच्या नशिबी रील येत नाही. आणि रील गाजलं तरी त्यातली पंधरा सेकंदं सगळ्यांना पाठ असतात, गाणाऱ्याचं नाव मात्र नसतं. धोबीतलावची आठवण झाली ना?

वांद्रे-खार : एक्स्पोजरचं चलन

लॅण्ड्स एण्डला किल्ल्याशेजारचं अ‍ॅम्फीथिएटर, कार्टर रोडचा कट्टा, खारच्या गल्ल्यांमधले कॅफे आणि त्यांच्या ओपन माइकच्या संध्याकाळी. नवशिक्यांसाठी हा भाग म्हणजे नेट प्रॅक्टिस. नाव नोंदवा, पाच मिनिटं मिळतील, गा आणि उतरा. भीती मोडायला यासारखी जागा नाही.

गोंधळ सुरू होतो तो पाच मिनिटांची पंचेचाळीस झाल्यावर. ‘पैसे नाहीत, पण एक्स्पोजर मिळेल’ हे वाक्य इथे सर्रास ऐकू येतं. एक्स्पोजरने रिक्षाचं भाडं भागत नाही, हा इंडीवाल्यांचा जुना जोक आहे. चार जणांचा बॅण्ड धरला तर येण्या-जाण्याचं भाडं, रिहर्सलच्या खोलीचे तास, तारा आणि ड्रमस्टिक्स असा खर्च वाजवायच्या आधीच झालेला असतो. म्हणून मुरलेले लोक आधी विचारतात : ठरलेले पैसे देणार की गेटच्या कलेक्शनमधला वाटा? साऊण्ड इंजिनीअर कुणाचा? चेक कधी मिळणार? आणि हे सगळं मेलवर लिहून घेतात.

बहुतेकांचं घर चालतं ते अशा चार-पाच नळांतून. लग्नाचे आणि कॉर्पोरेट शो, गिटारचे क्लास, जिंगल, वेब सीरिजचं पार्श्वसंगीत आणि जमलंच तर स्वत:च्या गाण्यांचा शो. यात कमीपणा काहीच नाही. स्वत:च्या गाण्यासाठी आठवड्यातले दोन दिवस वाचवता येतात की नाही, एवढंच बघायचं.

अंधेरी : कागद नीट वाचा

शेवटचं स्टेशन. पूर्वेला जे. बी. नगर, जिथल्या गल्लीतून डिवाइन आला. २०१५मध्ये नेझीबरोबरचं ‘मेरे गली में’, २०१९मध्ये त्यांच्या आयुष्यांवरून सुचलेला ‘गली बॉय’ आणि त्याच वर्षी डिवाइनची स्वत:ची ‘गली गँग’ कंपनी. पश्चिमेला स्टुडिओ आणि म्युझिक लेबलांची ऑफिसं. स्वप्नं इथे कागदावर उतरतात, म्हणून इथेच डोळे उघडे ठेवायचे.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, अर्थात शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे रेकॉर्डिंग, ज्याला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. २०१२च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना मोठं संरक्षण दिलं. थिएटरमध्ये सिनेमा दाखवणं सोडलं, तर त्यांच्या रचनेच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा त्यांना सोडून देताच येत नाही. तो फक्त वारसाला किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला देता येतो. १९६९पासूनची आयपीआरएस ही त्यासाठीची संस्था. पण सभासद होऊन गाणी नोंदवली नाहीत, तर तुमचा वाटा तुमच्यापर्यंत पोचणार कसा? मास्टरचं मात्र तसं नाही. तो तुम्ही सहीसरशी कायमचा देऊन टाकू शकता. लेबलने पहिला चेक पुढे केला की विचारायचं ते हेच : मास्टर किती वर्षांसाठी मागताय?

आणि स्ट्रीमिंग? तिथे एका क्लिकला अमुक पैसे असा ठरलेला भाव नसतो. जाहिराती आणि वर्गणीतून जमलेल्या पैशांतला हक्कदारांसाठीचा हिस्सा कुणाचं किती ऐकलं गेलं, त्या प्रमाणात वाटला जातो. भारतात बरेच जण फुकटात ऐकतात, वर्गणीही कमी, त्यामुळे वाटा लहान. शिवाय २०२४पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत निदान १,००० वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला रॉयल्टीच मिळत नाही. आणि ऐकणारेही वेगवेगळे असावे लागतात. आईच्या फोनवर रात्रभर लावून ठेवायची आयडिया बाद! म्हणून शहाणे इंडीवाले स्ट्रीमिंगकडे पगार म्हणून नाही, व्हिजिटिंग कार्ड म्हणून बघतात. गाणं लोकांपर्यंत पोचवायला ते, आणि पोट भरायला शो.

धोबीतलावच्या वादकांकडे सूर होता, पण कागद नव्हता. आजच्या पोरांना कागद मिळू शकतो, फक्त तो वाचायचा कंटाळा करून चालणार नाही. ऑफिसात अपॉइण्टमेण्ट लेटरची प्रत्येक ओळ आपण वाचतो ना? मग गाण्याची का नाही?

संडे प्लॅन

कसं जाल : चर्चगेटहून अंधेरी स्लो. त्याआधी वेस्टर्नचा मेगाब्लॉक तपासा. फुर्ताडोजमध्ये शिरायचं तर शनिवार निवडा.

काय खाल : कयानीत ब्रुन मस्का आणि मावा केक. दादरला उतरलात तर वडापाव मस्ट.

काय ऐकाल : हेडफोनमध्ये कुणा नव्या मराठी इंडी गायकाचं एक गाणं, आणि तेही पूर्ण.

गिटारवाले असाल तर : प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा कोड मिळतो, तो जपून ठेवा. गाणं रिलीज करण्याआधी कुणाचा किती वाटा, हे बॅण्डमधल्या सगळ्यांच्या सहीने लिहून ठेवा. दोस्ती टिकते!

ऐकणारे असाल तर : गेस्ट लिस्टमध्ये नाव टाक रे, असं मित्राला सांगू नका. तिकीट काढा.