उमेदवारी

'उमेदवारी' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एखाद्या वकिलाच्या किंवा कारागिराच्या हाताखाली, मोबदल्याची फारशी अपेक्षा न धरता काम शिकणे ही एक उमेदवारी. आणि निवडणुकीला उभे राहणे ही दुसरी. फारसीतली 'उमेद' दोन्ही ठिकाणी आहे. अर्थविस्तार शिकवताना हे उदाहरण आम्ही दोघांनीही, एकाने अमरावतीच्या आणि दुसऱ्याने अकोल्याच्या वर्गात, कित्येक वर्षे दिले आहे. पहिली उमेदवारी बारा वर्षे करूनही दुसरी मिळत नाही तेव्हा माणसाचे काय होते, हे मात्र आम्हांला 2024 च्या दिवाळीत आमच्याच एका विद्यार्थ्याने दाखवले.

एम.ए.ला तो बेताचा होता, पण बोलका. पक्षाचे नाव येथे सांगत नाही. सांगूनही फारसा फरक पडला नसता. बूथप्रमुख, मग तालुक्याचा कुठलासा चिटणीस, मग जिल्ह्याच्या कार्यकारिणीत. सतरंज्या उचलण्यापासून मतदारयाद्या वाचण्यापर्यंत सारे त्याने केले. विधानसभेसाठी मुलाखती होणार असे कळले तेव्हा तो आपल्या कार्याचा अहवाल घेऊन आमच्याकडे आला. आम्ही त्यातले ऱ्हस्वदीर्घ सुधारले, 'तळागाळातील' हा शब्द पाच ठिकाणी होता तो दोन ठिकाणी ठेवला. मुलाखत एका मंगल कार्यालयात झाली. बाहेरगावहून आलेल्या निरीक्षकांनी त्याला विचारले : खर्च किती कराल? समाजाची मते किती? तिकीट दुसऱ्याला मिळाले तर काम कराल ना? तिसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणावेच लागते. अहवाल कोणी उघडला नाही. (आमची शुद्धलेखनाची मेहनत अशी प्रथमच वाया गेली असे नाही.)

अमेरिकेत आयोवा राज्यात कॉकस नावाचा प्रकार आहे. हिवाळ्याच्या रात्री शेजारीपाजारी शाळेच्या सभागृहात जमतात आणि आपल्या पक्षाने कोणाला उभे करावे याबद्दल कौल देतात. त्याचेही कौतुक बेतानेच करावे. 2020 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या कॉकसचे निकाल अ‍ॅप बिघडल्याने काही दिवस रखडले होते. पण निदान जमण्याची जागा तरी आहे. आपल्याकडे पक्षांतर्गत निवडणूक झाली तरी ती पदांची. काँग्रेसने 17 ऑक्टोबर 2022 रोजी अध्यक्षपदासाठी मतदान घेतले, 22 वर्षांनी लढत झाली. खर्गे यांना 7,897 आणि थरूर यांना 1,072 मते पडली. अमरावतीत कोण उभे राहणार हे मात्र अशा मतपेटीतून ठरत नाही. ते संसदीय मंडळ, यादी, दुसरी यादी आणि शेवटी एबी फॉर्म या वाटेने येते. आधी 'इच्छुक' हे विशेषण नाम होते, मग त्यातल्या एकाचे नाम यादीत जाते आणि उरलेले सारे पुन्हा विशेषण होऊन राहतात. एसटीचा वाहक तिकीट फाडतो तेव्हा प्रवासाचा हक्क मिळतो. पक्ष तिकीट कापतो तेव्हा तो जातो.

एबी फॉर्म हा मजकूर साहित्याच्या अभ्यासकांनी एकदा वाचावा. 1968 च्या निवडणूक चिन्ह आदेशाने त्याला जन्म दिला. 'ए'मध्ये पक्ष सांगतो की आमच्या वतीने सही करण्याचा अधिकार अमुक व्यक्तीला आहे. 'बी'मध्ये ती व्यक्ती उमेदवाराचे नाव लिहिते, आणि त्याचा अर्ज बाद झाल्यास कोण, त्या पर्यायी उमेदवाराचेही. सही शाईचीच हवी. रबरी शिक्का चालत नाही, फॅक्स चालत नाही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर हवा. शेवटी एक वाक्य असते : हा उमेदवार पक्षाचा सदस्य असून त्याचे नाव सदस्यांच्या नोंदवहीत आहे. कधीपासून, हे विचारणारा रकाना नाही.

हा नसलेला रकाना आमच्या भागाने चांगला ओळखला आहे. नवनीत राणा 2019 मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या पाठिंब्याने अपक्ष म्हणून अमरावतीच्या खासदार झाल्या. 27 मार्च 2024 रोजी भाजपच्या यादीत त्यांचे नाव आले आणि पक्षप्रवेशही त्याच दिवशी झाला. मतदारांनी त्या वेळी काँग्रेसच्या बळवंत वानखडे यांना निवडले. त्याआधी, जानेवारी 2023 च्या अमरावती पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत, शिवसेनेतून काँग्रेसमध्ये आलेले धीरज लिंगाडे त्या पक्षाचे उमेदवार झाले आणि त्यांनी अकोल्याचे रणजित पाटील यांचा पराभव केला. आम्ही दोघेही त्या मतदारसंघाचे मतदार. आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनाने पसंतीचे आकडे लिहून आलो होतो. मोजणी लांबली, अवैध मते पुन्हा तपासण्याची मागणी झाली. पदवीधरांना एक-दोन-तीन धड लिहिता येत नाही, यावर स्टाफरूममध्ये आठवडाभर विनोद चालले. त्याच वेळी नाशिक पदवीधरमध्ये काँग्रेसचे अधिकृत उमेदवार सुधीर तांबे यांनी अर्जच भरला नाही, त्यांचे चिरंजीव सत्यजीत अपक्ष उभे राहून निवडून आले, आणि आपल्याला पाठवलेले एबी फॉर्म भलत्याच मतदारसंघांचे होते असे त्यांनी नंतर सांगितले. खरेखोटे त्या पक्षाला ठाऊक. पण एका लिफाफ्यावर किती लोंबकळत असते हे त्यावरून कळावे.

29 ऑक्टोबर 2024 हा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता आणि नेमकी धनत्रयोदशी. तीन दिवस आधी यादी आली, तीत आमचा विद्यार्थी नव्हता. जो होता त्याने आठ दिवसांपूर्वी पक्षात प्रवेश केला होता. रात्री नऊ वाजता तो अमरावतीच्या घरी आला, पाणी प्यायला, म्हणाला, "सर, मी अपक्ष भरतो. पक्षाच्या उमेदवाराले एक सूचक लागते, मले दहा लागतात. नऊ झाले. दहावे तुमी."

सूचक त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. आमच्यापैकी अमरावतीचा तो होता, अकोल्याचा नव्हता. त्यामुळे प्रश्न एकालाच होता, पण आम्ही त्या रात्री फोनवर तासभर बोलून त्याचे उत्तर दोघांनी मिळून ठरवले. अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकाने उमेदवाराच्या अर्जावर सही करावी का? सेवाशर्ती काय म्हणतात? संस्थाचालक कोणत्या पक्षाचे? खरे सांगायचे तर सेवाशर्ती आम्ही कपाटातून काढल्याच नाहीत. संस्थाचालकांचा प्रश्न आधी आठवला. सकाळी आम्ही त्याला सांगितले की नियमात बसत नाही.

"चालते जी," तो म्हणाला. "तुमाले त्रास नको."

दहावा सूचक त्याला मिळाला. त्याच्या गल्लीतला एक पानठेलेवाला. शपथपत्र झाले, दहा हजारांची अनामत भरली, अर्ज तीनच्या आत पोचला आणि छाननीत वैधही ठरला. मग लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज असे फोन येत राहिले. एखादे महामंडळ, पुढच्या वेळी नक्की, साहेब स्वतः बोलतील. 4 नोव्हेंबरला माघारीची मुदत संपण्यापूर्वी त्याने अर्ज मागे घेतला आणि संध्याकाळी अधिकृत उमेदवाराच्या जीपमध्ये पुढे बसलेला त्याचा फोटो आला. आम्ही तो पाहून हसलो, थोडे सुटल्यासारखेही वाटले. त्या सुटकेची लाज वाटायला पुष्कळ दिवस लागले. वर्गात पक्षांतर्गत लोकशाही नाही म्हणून आम्ही नेहमी तावातावाने बोलतो. पक्षाचे दार बंद झाल्यावर कायद्याने एक दुसरे दार ठेवले आहे, दहा साध्या मतदारांच्या सह्यांचे. आणि त्या दारावर आम्हांला उभे केले तेव्हा आम्हीही निरीक्षकांसारखेच वागलो. निरीक्षकांनी निदान त्याच्या तोंडावर खर्चाचे विचारले होते.

त्यानंतर महानगरपालिकांच्या निवडणुका लागल्या. अमरावतीत आणि अकोल्यात 2017 नंतर त्या झाल्याच नव्हत्या, 15 जानेवारी 2026 ला मतदान होते. डिसेंबरात तो पुन्हा आला, तीच फाईल, त्यात महामंडळाचे पान नव्हते. नवा अहवाल होता, 'तळागाळातील' पुन्हा पाच ठिकाणी. आम्ही पेन काढले. त्याने अहवाल तपासून घेतला, चहा घेतला, मुलांची चौकशी केली. सूचक-अनुमोदकाच्या सह्या त्याने आधीच घेतल्या होत्या.