डावांची वही

चौकोनी पट. दोन विरुद्ध कोपऱ्यांत दोन वाडे, त्यांना जोडणाऱ्या तीन वाटा, प्रत्येक वाटेवर दोन्ही बाजूंचे बुरूज, वाटांमधल्या जागेत रान आणि मधून तिरकी वाहणारी नदी. 'डोटा २' या संगणकावरील खेळाची मांडणी ही अशी आहे. पाच जण एका वाड्याचे, पाच जण दुसऱ्याचे. प्रत्येकाच्या हाती एक नायक. समोरच्या वाड्यातील मुख्य वास्तू जे आधी पाडतील ते जिंकले. व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने हा खेळ २०१३ मध्ये आणला. २००९ चा 'लीग ऑफ लेजंड्स' आणि भारत सरकारने जून २०२० मध्ये बंदी घातलेला 'मोबाइल लेजंड्स' ही त्याच कुळातील भावंडे. घरात शाळा-कॉलेजातील मुलगा असेल तर यांपैकी एखादे नाव कानावर पडलेले असतेच. परंतु तो खेळतो म्हणजे नेमके काय करतो, हे घरातील मोठी माणसे सहसा विचारत नाहीत.

साताऱ्यातील किराणा मालाच्या एका घाऊक व्यापाऱ्यांनी ते विचारले. वय बहात्तर, पेढी आता मुलाच्या हाती. नातू सांगलीला वसतिगृहात राहून इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात शिकत होता. दिवाळीच्या सुटीत तो घरी आला तेव्हा त्याचा एक विषय राहिल्याचे कळले होते, जागरणाची खूण डोळ्यांखाली दिसत होती, आणि वडिलांनी लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावण्याचा निश्चय केला होता. आजोबांनी मुलाला थांबवले. "पोते न उघडता माल परत करायचा नसतो. आधी बघू तरी आत काय आहे," असे म्हणून ते चष्मा पुसून नातवाशेजारी बसले.

पहिला धडा कमाईचा होता. डावाच्या आरंभी प्रत्येकाच्या गाठी सहाशे सोन्याची नाणी असतात. दर अर्ध्या मिनिटाने दोन्ही वाड्यांतून प्याद्यांची एक तुकडी निघते आणि वाटेत एकमेकांना भिडते. समोरच्या प्याद्यावर कितीही घाव घाला, शेवटचा घाव ज्याचा, सोने त्याचे. नवखा सारखे घाव घालत सुटतो आणि नेमक्या क्षणी हात रिकामा राहतो. आजोबांना हे लगेच उमगले. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात दहा जण बोली चढवतात. माल उचलतो तो शेवटच्या बोलीचा माणूस. "म्हणजे घाई नको, वेळ साधायची," ते म्हणाले. नातवाने मान डोलावली. संगणकाविरुद्ध सराव करावा आणि पहिल्या दहा मिनिटांत तीस-चाळीस प्यादी हाती लागली तर नवख्याने समाधान मानावे, असा त्याचा हिशेब होता. याच धड्यात पुढची पायरी अशी की आपलेच प्यादे अर्धमेले झाले तर आपणच ते संपवावे, म्हणजे समोरच्याला सोने मिळत नाही. "आपलाच हमाल आपण मारायचा?" आजोबा म्हणाले. "हा धडा राहू दे."

दुसरा धडा न मरण्याचा. या खेळात मेलेला नायक पुन्हा उठतो म्हणून नवखे मरणाला स्वस्त समजतात. प्रत्यक्षात तोटा तिहेरी असतो: गाठीचे काही सोने जाते, मारणाऱ्याला सोने आणि अनुभव दोन्ही मिळतात, आणि उठेपर्यंतचा वेळ फुकट जातो. आरंभी हा वेळ काही सेकंदांचा, पुढे मिनिटाहून अधिक. भांडवल बुडाले, ते स्पर्धकाच्या गल्ल्यात गेले आणि वर दुकानही बंद राहिले, असा हा व्यवहार आहे. म्हणून पहिल्या वीस-पंचवीस डावांत किती मारले हे मोजूच नये, किती वेळा मेलो एवढेच मोजावे. वाड्यात तत्काळ परतण्यासाठी एक गुंडाळी विकत मिळते; परतीच्या भाड्यासारखी ती कायम जवळ ठेवावी. नायक शंभराहून अधिक आहेत. त्यांतले दोन किंवा तीन निवडून महिनोन्महिने तेच खेळावेत. रोज नवा धंदा काढणाऱ्याची बाजारात पत राहत नाही, तशीच इथेही राहत नाही.

बुरुजाचे प्रकरण साताऱ्याच्या माणसाला शिकवावे लागत नाही. औरंगजेबाने डिसेंबर १६९९ मध्ये अजिंक्यताऱ्याला वेढा घातला आणि किल्ला मिळायला एप्रिल १७०० उजाडला. मंगळाईच्या बुरुजाखाली सुरुंग पेरले होते. त्यांतल्या एकाने उडालेला तट वेढा घालणाऱ्यांच्याच अंगावर कोसळला. खेळातही आपली प्यादी पुढे नसताना शत्रूच्या बुरुजाखाली शिरणारा नायक असाच स्वतःच्या उतावीळपणाखाली गाडला जातो. प्यादी पुढे जाऊ द्यावीत, बुरुजाचा मारा त्यांच्यावर जाऊ द्यावा, मग घाव घालावा. आणि चकमक जिंकल्यावर पळणाऱ्याच्या मागे रानात धावू नये. समोरचा बुरूज मोकळा असतो, तो पाडावा. पळणारा पुन्हा उठेल, पाडलेला बुरूज पुन्हा उभा राहत नाही.

सांगली हे बुद्धिबळाचे गाव. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा तिथे पिढ्यान्‌पिढ्या भरत आल्या आणि स्वाती घाटे यांच्यासारखी महिला ग्रँडमास्टर त्या गावाने दिली. आजोबांनीही तरुणपणी वखारीच्या ओट्यावर पुष्कळ डाव मांडले होते, म्हणून इथला मुख्य फरक त्यांना पटकन जाणवला. बुद्धिबळात समोरच्याचे सारे मोहरे डोळ्यांपुढे असतात. डोटामध्ये आपल्या माणसांना जेवढे दिसते तेवढाच पट उजळलेला असतो, बाकी सारे धुक्यात. कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाकडे दर चार-पाच सेकंदांनी नजर टाकण्याची सवय हीच नवख्याची खरी विद्या होय. समोरचे पाचातले दोघे दिसेनासे झाले, तर ते आपल्याकडेच येत आहेत असे धरून मागे सरावे. टेहळणीसाठी 'वॉर्ड' नावाचे खुंट मिळतात; ते मोजकेच असतात आणि सहा मिनिटांत विझतात, म्हणून नदीकाठी, रानाच्या तोंडाशी विचारपूर्वक रोवावे लागतात. निजामाबाद आणि इरोडचा भाव न विचारता सांगलीत हळदीची बोली लावणारा व्यापारी जितका धाडसी, तितकाच वॉर्डशिवाय रानात शिरणारा खेळाडू.

हे वॉर्ड लावायचे कोणी, यावरून नवख्यांची भांडणे होतात. पाच जणांत दोघा-तिघांनी कमवायचे, उरलेल्यांनी त्यांना सांभाळायचे, अशी वाटणी असते. सांभाळणारे डावाच्या अखेरीस सर्वांत गरीब राहतात. त्यांच्यावाचून मात्र कोणी श्रीमंत होत नाही. एकत्र कुटुंबाची पेढी ज्याने चालवली आहे त्याला यात नवीन काही नाही. गल्ल्यावर बसणाऱ्याचे नाव पाटीवर असते; वखारीतल्या भावाचे नसते.

आजी आतापर्यंत दारातून ऐकत होत्या. शांतपणे त्या म्हणाल्या, "खेळ समजला. पण दिवसभर मारामारच करायची ना?"

प्रश्न वरवरचा नव्हता. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरती आहे: ज्या हिंसेची ना शरीराला गरज, ना धंद्याला, ती टाळावी. पडद्यावर जीव मरत नाही हे खरे. परंतु जैन परंपरेने या युक्तिवादाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. यशोधर राजाची कथा हरिभद्रसूरींच्या 'समराइच्चकहा'त आहे, सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या 'यशस्तिलक'मध्ये आहे आणि जन्नाच्या कन्नड काव्यातही आहे. श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही परंपरांनी ती जपली. उज्जयिनीच्या या राजाला आई देवीपुढे बळी द्यायला सांगते. राजाला जीवहत्या नको असते आणि आईचा शब्दही मोडवत नाही. तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो कापला जातो. रक्ताचा थेंब सांडत नाही. तरीही मायलेक जन्मामागून जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत भोगत राहतात, कारण कापताना मनात कोंबडाच होता.

आजींनी कथा सांगून संपवली. नातू विचारात पडला, पण हरला नाही. "आजी, बुद्धिबळात आजोबांनी हत्ती-घोडे मारले, ते?"

"लाकडाचा हत्ती मारताना त्यांना हत्ती दिसत नव्हता."

"मग मलाही माणूस दिसत नाही. मला डाव दिसतो."

"तुला काय दिसतं ते मी कसं सांगू? मारल्यावर आनंद कशाचा होतो, ते तूच बघ."

खेळ म्हणून खेळ जैन घरांना कधी वर्ज्य नव्हता. ज्ञानबाजीचा चौऱ्याऐंशी घरांचा पट, शिड्या आणि साप घेऊन, पर्युषणातही मांडला जाई. तेव्हा सर्वच पट जाळावेत असे आजींचे म्हणणे नव्हते. नातवाने त्या दिवसापासून ओम्नीनाइट नावाचा, जखमी साथीदारांना बरे करणारा नायक घेतला. युद्धात औषध देणारा युद्धाबाहेर कसा, असे कोणी विचारू शकेल; पण मुलाने आपल्या परीने एक पाऊल मागे घेतले होते आणि ते कोणी हसण्यावारी नेले नाही.

आजोबांनी मात्र दोन दिवस पडद्याकडे न पाहता नातवाच्या चेहऱ्याकडे पाहिले. शत्रू मरताना त्या चेहऱ्यावर फारसे काही उमटत नव्हते. क्रोध उसळत होता तो आपल्याच बाजूच्या अनोळखी खेळाडूने शिवी लिहिली की. आणि डाव हरला की दात आवळून लगेच दुसरा डाव मांडला जात होता. अकराला हरलेला डाव भरून काढण्यासाठी बाराचा, तो हरला म्हणून एकचा. हा रोग आजोबांच्या ओळखीचा होता. वायद्याच्या सौद्यात सकाळी झालेला तोटा त्याच दिवशी वसूल करायला निघालेली घरे त्यांनी पाहिली होती. शिवीला उत्तर द्यायचे नाही, लिहिणाऱ्याचा आवाज त्या बटणाने बंद करायचा; आणि ओळीने दोन डाव हरले की उठायचे. आजोबांच्या मते न मरण्याच्या धड्याइतकाच हा धडा महत्त्वाचा होता, आणि तो नातवाला कोणी शिकवलेला नव्हता.

वेळेची गणिते मग घरानेच शिकून घेतली. डोटाचा एक डाव साधारण पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटे चालतो. म्हणजे जवळजवळ एका सामायिकाएवढा, ४८ मिनिटांच्या आसपास. सामायिकातून मध्येच उठत नाहीत. डावातूनही उठता येत नाही, कारण उरलेल्या चौघांचा डाव बुडतो आणि सोडून जाणाऱ्याला दंडही होतो. "जेवायला ये" ही हाक डाव रंगात असताना मारली तर भांडण ठरलेले. डाव मांडण्यापूर्वी विचारले तर नाही. कार्तिकात साताऱ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्या घरात पाचनंतर डाव मांडायचा नाही, हे आईने ठरवले आणि मुलाने विनातक्रार मानले.

पैशांचा भाग वडिलांनी तपासला. सप्तव्यसनांत जुगार पहिला, आणि भीती त्याचीच होती. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आहे, त्यांचे व्यवहार बँकांनीही हाताळायचे नाहीत. ई-स्पोर्ट्स मात्र वेगळे मानले आहेत. डोटा फुकट खेळता येतो. तथापि नायकाला नटवायचे पोशाख त्यात विकत मिळतात, आणि काही पेट्या अशा की आत काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही. त्या पेट्या म्हणजे सोडतच. वडिलांनी कार्डाचा क्रमांक त्या खात्यातून काढून टाकला. भारतीय संघाने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत याच खेळात कांस्यपदक मिळवले, हे नातवाने अभिमानाने सांगितले. वडील म्हणाले, "छान. तुझा राहिलेला विषय कधी सुटतोय?"

लॅपटॉप सांगलीला परत गेला, परंतु सोबत एक लाल कापडी बांधणीची वही गेली. तारीख, डाव सुरू केव्हा, संपला केव्हा, जिंकला की हरला, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. दर रविवारी पानाचे छायाचित्र साताऱ्याला यायचे. पहिल्या पंधरवड्याचे आकडे आजोबांनी बेरजेला लावले तेव्हा दिसले, की जिंकलेल्या दिवशी सरासरी दोन डाव होते आणि हरलेल्या दिवशी चार. मध्यरात्र उलटलेल्या सगळ्या नोंदी हरलेल्या दिवसांच्या होत्या. नातवाने ती बेरीज पाहून काहीच लिहिले नाही. पुढच्या रविवारच्या पानावर हरलेल्या दिवशीही दोनच नोंदी होत्या. एका बुधवारी तेवढे तीन डाव निघाले. आजोबांनी फोन केला.

"मित्रांना पाचवा गडी मिळत नव्हता, आजोबा. नाही म्हणता आलं नाही."

आजोबांनी आपल्याकडच्या कागदावर त्या नोंदीपुढे लाल शाईने 'भिडेखातर' असे लिहिले. पेढीच्या जुन्या खतावणीत न आलेल्या उधारीपुढे ते हाच शब्द लिहीत असत.