पडून राहिलेला माल

पडून राहिलेल्या मालाचे दुःख दुकानदाराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हंगाम उलटतो, गिऱ्हाईक दुसरीकडे वळते आणि काल ज्या मालासाठी झुंबड उडाली होती, त्याचे गठ्ठे माळ्यावर धूळ खात राहतात. वर्षअखेरीस शिल्लक मालाची यादी करताना त्याची किंमत काय धरावी? हिशेबशास्त्राचे उत्तर सोपे आहे : खरेदीची किंमत आणि बाजारभाव यांत जी कमी असेल ती धरावी. नियम शहाणपणाचा आहे. परंतु बाजारात ज्याला भावच उरलेला नाही, तरीही ज्याचा कस उतरलेला नाही, असा माल या नियमाच्या चिमटीत सापडत नाही. १९७२ साली न्यूयॉर्कमधील एका पंचवीस वर्षांच्या तरुणाने अशाच मालातून निवड करून २७ गाण्यांचा एक संग्रह सिद्ध केला. त्या तरुणाचे नाव लेनी के आणि संग्रहाचे नाव ‘नगेट्स’, म्हणजे मातीत सापडणारे सोन्याचे खडे.

१९६४ साली बीटल्स अमेरिकेत गेले आणि तेथील गावोगावच्या मुलांनी गिटारी हाती घेतल्या. घरातील मोटार बाहेर काढून रिकाम्या झालेल्या गॅरेजमध्ये चार-पाच जण जमत, मिळेल तेवढा सराव करीत आणि गावातीलच एखाद्या छोट्या कंपनीकडून सात इंची तबकडी काढून घेत. मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या प्रत्येक बाजूला एकच गाणे मावे. स्थानिक रेडिओने ते वाजवले तर काही आठवडे नाव होई. मग नवी तबकडी येई आणि जुनी मागे पडे. याच सुमारास रॉक संगीताला ‘सायकेडेलिक’ हे विशेषण चिकटले. गिटारीचा आवाज मुद्दाम फाटका करणे, प्रतिध्वनी वाढवणे, ध्वनिफीत उलटी फिरवणे, अशा युक्त्यांनी ऐकणाऱ्याला स्वप्नात किंवा भ्रमात असल्यासारखे वाटावे, असा तो प्रकार होता. १९६८ नंतर गाणी लांबली, तबकड्या मोठ्या झाल्या, वादक गंभीर झाले. तीन मिनिटांच्या त्या गाण्यांना विचारणारे कोणी राहिले नाही.

संग्रहाची मूळ कल्पना के यांची नव्हती, ती इलेक्ट्रा कंपनीचे संस्थापक जॅक होल्झमन यांची होती. हे गृहस्थही लक्षात ठेवण्याजोगे. १९५० साली महाविद्यालयात शिकत असताना स्वतःचे ३०० आणि भागीदाराचे ३०० अशा ६०० डॉलरच्या भांडवलावर त्यांनी कंपनी सुरू केली होती. कित्येक मोठ्या तबकड्यांत ऐकण्यासारखे गाणे एखादेच असते, बाकीची भरताड; मग ती एकेक गाणीच एकत्र का करू नयेत, असा त्यांचा व्यवहारी विचार होता. निवडीसाठी त्यांनी के यांना गाठले. के तेव्हा संगीतावर नियतकालिकांतून लिहीत आणि ब्लीकर स्ट्रीटवर जुन्या तबकड्यांच्या दुकानात काम करीत. जुना माल हाताळणाऱ्या माणसाला जे कळते ते गादीवर बसणाऱ्यास कळतेच असे नाही. कोणती तबकडी दोनदा विकत घेतली जाते आणि कोणती एकदाच ऐकून परत येते, याची नोंद कोणत्याही वहीत नसते. ती हाताला ठाऊक असते.

शिवाय के यांच्यापाशी आणखी एक पात्रता होती. १९६६ साली, शिकत असतानाच, ‘लिंक क्रॉमवेल’ या टोपणनावाने त्यांनी स्वतः एक तबकडी काढली होती. गाणे त्यांच्या गीतकार मामा-काकांपैकी एकाच्या साहाय्याने झालेले. ते चालले नाही. म्हणजे एका गाण्यापुरते उगवून मावळलेल्या त्या मुलांपैकीच ते एक. निवडीचा सर्वाधिकार हाती असूनही १९७२च्या त्या २७ गाण्यांत त्यांचे स्वतःचे गाणे नाही. आपल्याच नावे कर्ज मंजूर न करणारा अधिकारी बँकेत शोभतो, तसेच हे.

निवड झाली, तरी गाणी आपली होत नाहीत. या सर्व व्यवहारात सर्वांत जड काम हक्कांचे होते. प्रत्येक गाण्याचा मालक निराळा. कोणती कंपनी बुडालेली, कोणती दुसरीने गिळलेली, कोठे करार एका नावे आणि तबकडी दुसऱ्या नावे. के यांनी दिलेली यादी बरीच लांब होती. परवाने त्यातील काहींचेच मिळाले. म्हणून ‘नगेट्स’ हा एका माणसाच्या आवडीचा जेवढा आरसा आहे, तेवढाच त्या वेळी कोणाची कागदपत्रे ठिकाणावर होती, याचाही दाखला आहे. वारसाहक्काच्या जागेचे दस्त ज्यांनी कधी हुडकले असतील, त्यांना या कामातील दमछाक सहज उमजेल.

आता आतील काही माल. पहिलेच गाणे लॉस एंजलिसच्या ‘इलेक्ट्रिक प्रून्स’चे. त्याच्या आरंभी मोठ्या भुंग्यासारखा जो गुंजारव येतो, तो सरावाच्या वेळची फीत उलटी लागल्याने हाती आला. चुकीने आलेला तो आवाज त्यांनी जपून ठेवला. सॅन होजेच्या ‘काउंट फाइव्ह’चे गाणे १९६६ साली अमेरिकेच्या विक्रीयादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढले, पुढे शिक्षण पुरे करायचे म्हणून त्या मुलांनी मोठ्या दौऱ्यांवर पाणी सोडले, असे सांगितले जाते. ‘स्ट्रेंजलव्ह्ज’ यांची कथा तर व्यापाऱ्याने कानाला खडा लावून ऐकावी अशी. न्यूयॉर्कच्या तिघा गाणे-व्यावसायिकांनी आपण ऑस्ट्रेलियातील मेंढ्या पाळणारे सख्खे भाऊ आहोत, अशी बतावणी केली. परदेशी शिक्क्याला भाव होता ना! लेबल खोटे होते. गाणे मात्र खणखणीत निघाले.

सर्वांत मनात राहतो तो ‘बार्बेरियन्स’ या चमूचा ढोलवादक, मोल्टी. लहानपणी झालेल्या स्फोटात त्याचा डावा हात गेलेला. त्या जागी बसवलेल्या आकड्यात काठी अडकवून तो ड्रम वाजवी. त्याच्याच नावाच्या गाण्यात तो आपली हकीकत सांगतो आणि ज्यांचे काही हरवले आहे त्यांना धीर देतो. गाणे विक्रीयादीच्या तळाशीच राहिले. के यांनी ते उचलले नसते, तर ते आज कोणाच्या कानी पडले असते?

या संगीतामागे नशेची सावली होती, हे झाकण्यात अर्थ नाही. एलएसडी हे द्रव्य कॅलिफोर्नियात १९६६च्या ऑक्टोबरपर्यंत कायद्याने निषिद्धही नव्हते. त्यातून प्रतिभा फुलते असे मानणारे तेव्हा पुष्कळ होते. टेक्ससमधील ‘थर्टीन्थ फ्लोअर एलेव्हेटर्स’चा गायक रॉकी एरिक्सन त्यांपैकीच. १९६९ साली गांजा बाळगल्याबद्दल त्याला पकडले. तुरुंग टाळण्यासाठी वेडेपणाची सबब पुढे केली आणि त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली. तेथून तो सुटला १९७२ साली, म्हणजे त्याचे गाणे घेऊन ‘नगेट्स’ बाहेर पडली त्याच वर्षी. त्याच्या गळ्यातील आर्त किंकाळी ऐकताना ते गाणे कशाने जन्मले यापेक्षा त्या द्रव्याने किती हिरावून घेतले, हेच अधिक जाणवते. संग्रहातील पुष्कळ गाणी मात्र नुसत्या तारुण्याने झिंगलेली आहेत. त्यांना दुसऱ्या कशाची गरजही नव्हती.

हे वेड समुद्रापार मुंबईतही पोहोचले होते. त्या काळी महाविद्यालयांत असलेल्यांना ‘सिमला बीट’ ही स्पर्धा आठवत असेल. एका सिगारेटच्या जाहिरातीसाठी ती भरे, आणि गावोगावचे तरुण वादक तीत उतरत. १९७० आणि १९७१ या वर्षांच्या स्पर्धांच्या दोन तबकड्या निघाल्या. मुंबईचे ‘व्हेल्व्हेट फॉग’, मद्रासचे ‘कन्फ्युजन्स’, शिलाँगचे ‘फेन्टोन्स’ ही नावे त्यांवर आहेत. जाहिरातीचे काम संपले तसे त्या मागे पडल्या. पुढे परदेशी संग्राहकांनी त्यांचा शोध घेतला, भाव वाढला, नव्या आवृत्त्या तिकडे निघाल्या. रद्दीत किलोने गेलेल्या प्रतींचा हिशेब कोण देणार?

‘नगेट्स’ही आरंभी फारशी खपली नाही. के आपल्या वाटेने गेले. कवयित्री पॅटी स्मिथ यांच्या चमूत गिटार वाजवू लागले. तबकडीसोबतच्या टिपणात या गाण्यांसाठी त्यांनी ‘पंक रॉक’ हे शब्द वापरले होते. काही वर्षांनी न्यूयॉर्क आणि लंडनमधील नव्या मुलांची ओळख त्याच शब्दांनी होऊ लागली. १९७६ साली संग्रह पुन्हा छापला गेला. १९९८ साली ऱ्हायनो कंपनीने २७च्या जागी ११८ गाण्यांची चार सीडींची पेटी काढली.

पण के यांनी १९७२नंतर दुसरा खंडही जुळवला होता. तो इलेक्ट्राने काढला नाही, आणि ती यादी तशीच राहिली. पन्नास वर्षे उलटल्यावर, २०२३ साली, पाच तबकड्यांच्या नव्या पेटीत तो खंड अखेर दाखल झाला. के तेव्हा शहात्तर वर्षांचे होते.